टाके निघाले, पण पाण्याखाली जायचं का?

तोंडाला मार लागल्यावर डॉक्टर जे सगळ्यात आधी बजावतात ते म्हणजे नाक शिंकरायचं नाही. आणि मालवणात स्कूबाच्या बोटीवर बसलं की सगळ्यात आधी शिकवतात ते म्हणजे नाक चिमटीत धरा, तोंड बंद ठेवा, नाकातून हळूच फुंका. ही दोन वाक्यं एकमेकांशेजारी ठेवून बघा. गेल्या हिवाळ्यात मी हेच करत बसले होते, आणि मला मनापासून वाटतं की ज्याच्या गालाला, नाकाला, डोळ्याच्या खोबणीला नुकतंच लागलंय आणि ज्याचं तारकर्लीचं बुकिंग आधीच झालंय त्या प्रत्येकाने हे करून बघावं, म्हणून सविस्तर लिहितेय.

मी शाळेत खेळ शिकवते. दिवाळीनंतर कबड्डीच्या सरावात एका मुलीचा गुडघा माझ्या उजव्या गालावर बसला. कबड्डीत हे होतं, त्यात कोणाचा दोष नाही. भुवईखाली कातडी फाटली तिथे टाके पडले आणि सीटी स्कॅनमध्ये दिसलं की गालाच्या हाडाला तडा गेलाय आणि त्या हाडामागच्या पोकळीत रक्त साठलंय. हाड जागचं फारसं हललं नव्हतं म्हणून ऑपरेशन आणि प्लेट वगैरे काही लागलं नाही. मऊ खायचं, त्या कुशीवर झोपायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं, आणि ते नाक शिंकरायचं नाही.

तारकर्लीचं नाताळच्या सुट्टीतलं बुकिंग दादाने ऑगस्टमध्येच करून ठेवलं होतं, दोन रूम, स्कूबा, डॉल्फिन बघायला पहाटेची बोट, सगळं. स्कूबाचा हट्ट मूळचा माझाच होता, मीच दोन वर्षं सगळ्यांच्या मागे लागले होते.

आता गंमत नाही सांगत, खरंच असं होतं की चेहऱ्याची जखम फार लवकर भरते. चेहऱ्याला रक्तपुरवठा भरपूर असतो त्यामुळे तिथले टाके साधारण ५ ते ७ दिवसांत काढतात, पायाचे असते तर त्याच्या दुप्पट दिवस ठेवले असते. काळंनिळं झालेलं हिरवं होतं, पिवळं होतं, जातं. सूज उतरते. डिसेंबर उजाडेपर्यंत आरशात बघितलं तर भुवईखाली एक गुलाबी रेघ सोडली तर काही नाही. मग घरचे म्हणणारच, टाके निघाले की आता, काय होतंय त्याला. दादाही म्हणाला, वहिनीही म्हणाली, आणि त्यांचं काय चुकलं, त्यांना माझा चेहरा दिसत होता, चेहऱ्याच्या आतली हाडं थोडीच दिसत होती.

मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी किती खोल जाणार विचारलं, मी म्हटलं काही नाही हो, पंधरा-वीस फूट, इन्स्ट्रक्टर सिलिंडर धरून बरोबर असतो, आपल्याला पोहायलाही यावं लागत नाही. माझ्या मनात होतं की एवढंसं खोल म्हटल्यावर ते हो म्हणतील. ते म्हणाले, पंधरा फूट कमी नाही, सगळ्यात जास्त फरक तिथेच पडतो. आणि रिपोर्टच्या पाकिटावर पेनाने कवटी काढून मला दाखवलं.

ते जे दाखवलं ते मला तेव्हापासून पाठ झालंय. आपला चेहरा भरीव नसतो. कपाळात, दोन डोळ्यांच्या मधे, नाकाच्या मागे खोलवर आणि दोन्ही गालांच्या हाडांमागे हवेच्या पोकळ्या असतात, त्याच सायनस. गालामागच्या सगळ्यात मोठ्या. त्यांचं छप्पर म्हणजेच डोळ्याच्या खोबणीचा तळ, आणि ते हाड अगदी पातळ असतं. ह्या पोकळ्या बारीकशा वाटेने नाकाला जोडलेल्या असतात. गालाच्या पोकळीची ती वाट आतल्या भिंतीवर वरच्या बाजूला असते, म्हणजे आत साठलेलं रक्त बिक्त आपोआप गळून जाईल अशी सोयही नाही, आणि आतलं अस्तर थोडं सुजलं तरी ती वाट बंद.

आता पाणी. समुद्राच्या काठावर आपल्यावर एक वातावरण एवढा दाब असतो, १० मीटर खाली गेलं की तो दोन होतो, २० मीटरला तीन. हवेवर दाब दुप्पट केला की ती निम्म्या जागेत मावते, हा बॉईलचा नियम, शाळेत शिकलोय सगळे. म्हणजे पहिल्या १० मीटरमध्येच हवा निम्मी होते, पुढच्या १० मध्ये तेवढा फरक पडत नाही. आणि तारकर्लीचे पंधरा फूट म्हणजे साडेचार मीटरच्या आसपास, तिथे दाब जवळपास दीडपट होतो, हवेची जागा एक तृतीयांशाने कमी होते. गालामागच्या पोकळीतली हवा एक तृतीयांश आक्रसली आणि बाहेरून नवी हवा यायची वाट सुजेने बंद असली तर ती मोकळी झालेली जागा भरायला शरीर काहीतरी देतंच, आधी अस्तर ओढलं जातं, सुजतं, मग त्यातून रक्त येतं. दुखतं तर असं की माणूस पाण्याखाली घाबरतो. ह्याला सायनस स्क्वीझ म्हणतात, धडधाकट माणसालाही नुसत्या सर्दीत होतो.

कानाचं वेगळं असतं. कानाला आपण मदत करू शकतो, नाक दाबून फुंकलं की घशाकडच्या नळीतून मधल्या कानात हवा जाते, पट् असा आवाज येतो. सायनसला अशी मदत करता येत नाही. ती वाट उघडी असेल तर हवा आपली आपण जाते, नसेल तर नाही. इन्स्ट्रक्टर कितीही चांगला असला तरी तो तिथे काही करू शकत नाही. हे मला आधी माहीत नव्हतं, आणि माझ्या मते स्कूबाला जाणाऱ्या बहुतेक लोकांना माहीत नसतं, कारण बोटीवर फक्त कानाबद्दल सांगतात.

आणि तडा गेलेल्या हाडाची भानगड ह्याच्याही पुढची. नाक दाबून फुंकलं की नाकातल्या हवेचा दाब वाढतो, ती हवा जिकडे वाट मिळेल तिकडे घुसते. हाडाला फट असेल तर तिथून डोळ्याच्या खोबणीत, पापणीत, गालाच्या कातडीखाली. पापणी अचानक फुगते आणि बोटाने दाबलं की आत चुरचुरतं. जमिनीवर जोरात नाक शिंकरून हे झालेले पेशंट डॉक्टर नेहमी बघतात, तेव्हा ती हवा हळूहळू जिरते. पण पाण्याखाली तीच हवा कातडीखाली किंवा डोळ्यामागे गेली आणि मग तुम्ही वर आलात, तर दाब कमी होतो तशी ती फुगते. डोळ्यामागे फुगणं म्हणजे काय ते मला जास्त समजावून सांगावं लागलं नाही.

हाड सांधायला साधारण ६ ते ८ आठवडे लागतात, पण डॉक्टर म्हणाले नुसतं हाड सांधून भागत नाही, आतली सूज उतरून ती वाट मोकळी झालेली स्कॅनमध्ये दिसली पाहिजे. मार्चमध्ये परत स्कॅन करू, तोवर पाण्याखाली जायचं नाही. वरवर पोहलीस, डोकं बाहेर ठेवलंस, तर हरकत नाही.

मग डिसेंबरमध्ये गेलो आम्ही. कोल्हापूरहून राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट, कणकवली, कसाल, मालवण. घाट उतरताना सगळ्यांच्या कानात दडे बसले, पुतणी जांभया देऊन देऊन मोकळे करत होती, आणि माझ्या उजव्या गालात आत खोलवर एक ठणका आला, डाव्या बाजूला काही नाही. मी पाण्याची रिकामी बाटली वर दाजीपूरला बूच घट्ट लावून ठेवली होती, ती कणकवलीला किंचित चेपलेली होती. मग मोबाईलवर हिशेब केला. ५०० मीटर घाट उतरला की हवेचा दाब जेवढा वाढतो तेवढा दाब पाण्यात दोनेक फुटांवरच वाढतो. म्हणजे अख्खा घाट म्हणजे दोन फूट पाणी. माझा गाल दोन फुटांना कुरकुरत होता आणि मी पंधरा फुटांवर जायचं की नाही ह्याचा विचार करत होते. तो हिशेब दादाला दाखवला, त्यानंतर त्याने एकदाही टाक्यांचं नाव काढलं नाही. उलट पुढे भेटेल त्याला तोच समजावून सांगत होता.

स्कूबाच्या दिवशी मीही बोटीवर गेले. बघायला तरी मिळेल म्हणून. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाहेरच्या बाजूला खडकांजवळ बोटी लागतात, तिथे पाच-सहा बोटी एकमेकींना टेकून उभ्या होत्या. बोटीवरचा एक मालवणी मुलगा, रोज लोकांना खाली नेणारा, माझ्याकडे बघून म्हणाला, ताई, तोंडार काय झाला? मी सांगितलं. त्याने डॉक्टरांचं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं, मधे एक शब्द बोलला नाही, आणि मग म्हणाला, मगे आज नकोच. समुद्र खय पळान जाणा नाय. तुमी मे म्हयन्यात येवा.

मग तो बराच वेळ बोलत बसला. लोक सांगतच नाहीत म्हणाला. सर्दी असते, सांगत नाहीत. नाकाचं ऑपरेशन झालेलं असतं, सांगत नाहीत, पैसे भरलेत, ग्रुप बरोबर आहे, फोटो काढायचेत, आपल्यामुळे सगळ्यांचा मूड जायला नको. मग वर आल्यावर मास्कमध्ये रक्त दिसतं. मास्कात रगत दिसला की पयला आमचाच काळीज हलता, असं म्हणाला तो, आणि हे सांगताना त्याचा चेहरा खरंच बदलला. मला हे फार लागलं. आपण लपवतो तेव्हा आपल्याला वाटतं धोका आपलाच आहे, पण आपल्या सिलिंडरला धरून खाली जाणारा मुलगा पण असतो ना, त्याचं काय.

शेजारच्या बोटीवर एक काका सर्दीवर नाकात थेंब घालत होते, आता मोकळं झालं म्हणत होते. हेही आपल्याकडे सर्रास चालतं म्हणून लिहिते. थेंबाने सूज तात्पुरती उतरते, खाली जाताना सगळं सुरळीत होतं, आणि खाली असतानाच औषधाचा असर गेला तर वर येताना हवा आत अडकते. वर येताना ती फुगते आणि बाहेर पडायला जागा नसते. खाली जाताना दुखलं तर निदान थांबून वर येता येतं, वर येताना दुखलं तर जायचं कुठे? त्यांच्या इन्स्ट्रक्टरने शेवटी त्यांना नेलं नाही, ते बरंच झालं.

बाकीचे खाली गेले तेव्हा मी आणि वहिनी किल्ल्यावर गेलो. पुतणी लहान आहे, दहा वर्षांच्या आतल्यांना खाली नेत नाहीत, मग तीही आमच्याबरोबर. १६६४ मध्ये कुरटे बेटावर पाया घातला आणि १६६७ मध्ये किल्ला पुरा झाला, महाराजांच्या हातापायाचे ठसे, शिवराजेश्वराचं मंदिर, हे सगळं पुतणीला दाखवलं. तिला सगळ्यात आवडल्या त्या विहिरी, दूधबाव, दहीबाव, साखरबाव, चारी बाजूंना खारं पाणी आणि आत गोडं पाणी, तिने तिन्हीत वाकून बघितलं. दुपारी सुरमईची थाळी, मला अजून कडक चावायचं नव्हतं म्हणून मी सोलकढी-भात आणि बांगड्याचं तिखलं खाल्लं. छान गेली ती ट्रिप. मी हे मुद्दाम सांगतेय, कारण स्कूबा नाही तर मालवणला जाऊन करायचं काय असं लोक म्हणतात.

फॉर्मबद्दल थोडं. चांगल्या ठिकाणी खाली न्यायच्या आधी एक वैद्यकीय प्रश्नावली भरून घेतात, जगभर बहुतेक डायव्हिंग शाळा जवळपास तीच वापरतात. त्यात सायनसचं ऑपरेशन गेल्या ६ महिन्यांत झालंय का, डोळ्याचं गेल्या ३ महिन्यांत झालंय का, डोक्याला मार लागून गेल्या ५ वर्षांत कधी शुद्ध हरपली होती का, असे सरळ प्रश्न असतात. उत्तर हो असेल तर डॉक्टरांची सही आणा म्हणतात. तो ५ वर्षांचा आकडा वाचून मी चकित झाले होते, पण कारण सरळ आहे, डोक्याच्या माराने पुढे कधीतरी फिट येऊ शकते आणि पाण्याखाली फिट आली की तोंडातला रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडात देणारं यंत्र, सुटतो. आपल्याकडे हा फॉर्म पुष्कळदा जेटीवर गर्दीत, उन्हात, पेन मागून घेऊन भरतात, सगळीकडे नाही नाही टिक करत खाली सही. माझी एकच विनंती आहे, तो आदल्या दिवशी मागून घ्या आणि रूमवर बसून वाचा.

मार्चमध्ये परत स्कॅन केला. तडा सांधलेला, पोकळी स्वच्छ, काळी दिसत होती, स्कॅनमध्ये हवा काळी दिसते, तेव्हा तो काळा रंग बघून मला किती बरं वाटलं सांगू. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून ती वाट बघितली. मग त्यांच्यासमोरच नाक दाबून हळूच फुंकायला लावलं, आधी अगदी थोडं. इतके महिने न केलेली गोष्ट करताना हात थरथरला. कान पट् वाजले, गालात काही नाही.

पण एक गोष्ट राहिली होती. माझा उजवा गाल आणि वरचा ओठ अर्धा बधीर होता. डोळ्याखालून हाडातून एक नस बाहेर येते ती गाल, नाकाची बाजू, वरचा ओठ आणि वरच्या पुढच्या दातांपर्यंत जाते, गालाचं हाड तडकलं की तिला बऱ्याचदा धक्का बसतो, आणि ती परत यायला महिनोन्महिने घेते. चहा पिताना ओठावरून ओघळ गेला तरी कळत नव्हता. आता विचार करा, मास्कची रबरी कड नेमकी वरच्या ओठावर आणि गालावर बसते. ती नीट बसलीय की नाही हे आपल्याला कातडीला जाणवतं म्हणून कळतं. माऊथपीस ओठांनी आवळून धरायचा असतो, तो सैल झाला तर पाणी आत येतं, ते ओठालाच कळतं. अर्धा ओठ बधीर म्हणजे अर्धी खबर येतच नाही. हे कुठल्याच फॉर्मवर नाही, डॉक्टरांच्याही पटकन लक्षात आलं नव्हतं, मीच विचारलं तेव्हा ते म्हणाले, पोहण्याच्या तलावात करून बघ.

म्हणून स्वतःचा मास्क विकत घेतला. भाड्याचा मास्क सगळ्यांच्या तोंडाला बसेल अशा बेताचा असतो, आणि माझा उजवा गाल आता डाव्यापेक्षा किंचित सपाट आहे, बघणाऱ्याला कळत नाही पण रबराला कळतं. दुकानात पट्टा न लावता नुसता तोंडाला लावायचा, नाकातून हवा आत ओढायची आणि हात सोडायचे, राहिला तर बसला. ओठ बधीर असला तरी ही परीक्षा चालते. मग कोल्हापुरात तलावावर, उथळ बाजूला, मास्क लावून आरशात बघून कड कुठे दुमडते का बघायचं, मग पाण्यात तोंड घालून थांबायचं. मास्कमध्येही हवाच असते, खाली जाताना तीही आक्रसते, मग मास्क तोंडाला चोखून धरतो, डोळ्यांत रक्त उतरतं. म्हणून नाकातून मधूनमधून थोडी हवा मास्कमध्ये सोडायची असते. पोहण्याचा गॉगल घालून खाली का नेत नाहीत ते मला इथे कळलं, त्यात नाक बाहेर राहतं, हवा सोडायची सोयच नाही. दाबलेल्या मास्कने माझ्या गालाच्या त्या हाडावर दुखतं का हेही तपासायचं होतं. थोडं दुखलं, पट्टा सैल केल्यावर थांबलं. लोक पट्टा फार आवळतात, त्याची गरज नसते, खाली पाण्याचा दाबच मास्क धरून ठेवतो.

आणि मेच्या सुरुवातीला परत गेलो. मे अखेरीस बोटी बंद होतात त्यामुळे त्याच्या आत. बोटीवरचा तो मुलगा ओळखून हसला, डॉक्टरांकडसून इलास? असं विचारून त्याने कागद मागून घेतला आणि खरंच वाचला. पहाटे लवकर गेलो कारण मेमध्ये दुपारनंतर वारा सुटतो, पाणी हलतं. पाणी तसंही फार स्वच्छ नव्हतं. मालवणचं पाणी म्हणजे अंदमान नाही, काही दिवस हात लांब केला तर बोटं धूसर दिसतात, काही दिवस खालचा खडक बोटीवरून दिसतो, आमचा दिवस मधला होता.

मी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की मी दोरी धरून, पाय खाली ठेवून, अगदी सावकाश उतरणार, आणि उजवा हात गालाला लावला म्हणजे थांबायचं, गाल आणि वर बोट म्हणजे वर जायचं. तो म्हणाला जेवढा वेळ घ्यायचा तेवढा घ्या. हात-दीड हात खाली, नाक चिमटीत, हळूच फूं, पट्. थांब. गाल? काही नाही. परत हात-दीड हात. दुखायची वाट बघून मग फुंकायचं नसतं, दुखायच्या आधीच फुंकत राहायचं असतं, दुखलं म्हणजे उशीर झाला. घाटात ज्या जागी ठणका आला होता त्या जागेवर माझं सगळं लक्ष होतं. तिथे फक्त एक बारीक सुरकन झाल्यासारखं वाटलं, हवा गेल्याचं. डाव्या गालातही तसंच झालं. दोन्ही सारखे! तेव्हा पाण्याखाली माझ्या डोळ्यांत पाणी आलं, मास्कच्या आत.

ओठाच्या बाजूने थोडं पाणी आलंच मास्कमध्ये. ते यायचंच हे ठरलेलं होतं, तलावात सराव केला होता, वरची कड कपाळाला दाबून धरायची आणि नाकातून फुंकायचं, पाणी खालून निघून जातं. नाकातून हवा बाहेर सोडताना नाक बंद नसतं म्हणून दाब चढत नाही, डॉक्टरांनी ह्याला आधीच हो म्हटलं होतं.

आणि मग मासे बघितले. काळ्यापिवळ्या पट्ट्यांचे झुंडीने येणारे सार्जंट मेजर, खडकाच्या फटीत तोंड घालून बसलेला गोबरा, निळाहिरवा पॅरटफिश जो खडक खरवडतो त्याचा आवाज चक्क ऐकू येतो, कुर्र कुर्र. ताटातला गोबरा आणि हा गोबरा ह्यांचा मेळ घालायला मला थोडा वेळ लागला. पलीकडे एका ग्रुपला मासे जवळ यावेत म्हणून पावाचे तुकडे टाकत होते, ते मला आवडत नाही, हे सगळं पाणी १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, मालवणचं, आणि पाव हे काही माशांचं खाणं नाही. आमच्या बोटीवरच्या मुलाने टाकला नाही. मी विनंती केली होती हे खरं, पण तो म्हणाला त्यालाही ते पसंत नाही, लोक मागतात म्हणून करावं लागतं. तर लोकांनी मागू नये.

वर येतानाही तेवढंच सावकाश. श्वास कधीही रोखायचा नाही, हे सगळ्यांनाच सांगतात, कारण फुप्फुसातली हवासुद्धा वर येताना फुगते. बोटीवर आल्यावर मास्क काढून आधी आत बघितलं. पाणी स्वच्छ होतं. रुमाल नाकाला लावला, पांढरा राहिला. पापणी आणि गाल बोटांनी चाचपले, कुठे चुरचुर नाही.

व्रणाचं विसरले, ते लिहिते. नवी कातडी उन्हात काळवंडते आणि तो डाग मग जात नाही, म्हणून वर्षभर तरी सनस्क्रीन आणि टोपी सोडायची नाही असं मला सांगितलंय. कोकणातलं ऊन वरून आणि पाण्यावरून असं दोन्हीकडून लागतं. आणि जखम उघडी असेल, खपली असेल, टाके असतील तर समुद्रात जाऊच नका, कोमट खाऱ्या पाण्यात असे जंतू असतात की जखमेतून गेले तर फार वेगाने पसरतात. मिठाच्या पाण्याने जखम बरी होते हे घरात निर्जंतुक केलेल्या सलाईनबद्दल ठीक आहे, जेटीजवळच्या समुद्राबद्दल नाही.

माझं गालाचं होतं म्हणून मी गालाबद्दल लिहिलं. कोणाचा जबडा मोडला असेल तर त्याचा प्रश्न माऊथपीसचा, तो तेवढा वेळ दातांत धरून ठेवायचा असतो, जबड्याच्या सांध्याला ते झेपतं का. दात तुटून तात्पुरतं भरलं असेल तर त्या भरणाखाली हवा राहिलेली असू शकते, ती पाण्याखाली आणि वर येताना भयंकर दुखते, कायमचं भरून घेऊन मगच जावं. डोळ्याच्या पडद्याच्या ऑपरेशनमध्ये कधी कधी डोळ्यात गॅसचा बुडबुडा सोडतात, तो जिरेपर्यंत पाण्याखाली तर नाहीच, विमानानेही जायचं नसतं, आणि माझ्या मते घाटाबद्दलही डॉक्टरांना विचारूनच गाडीत बसावं. टायटॅनियमची प्लेट बसवलेली असेल तर ती स्वतः काही करत नाही, धातूत हवा नसते, प्रश्न तिच्या आजूबाजूचं हाड आणि पोकळी बरी झाली का हाच. डॉक्टरांना विचारताना ‘पोहलं तर चालेल का’ असं विचारू नका, ते हो म्हणतील. ‘नाक दाबून फुंकलं तर चालेल का आणि पंधरा फूट खाली दाब दीडपट होतो तो माझ्या सायनसला चालेल का’ असं विचारा.

माझ्या वरच्या ओठाची उजवी बाजू बरीचशी परत आलीय, नाकाजवळचा एक तुकडा अजून बधीर आहे. पुतणी सप्टेंबरमध्ये दहाची होते आणि पावसाळ्यानंतर बोटी सुरू झाल्या की आम्ही दोघी जाणार आहोत. तिला सांगून ठेवलंय की त्या आठवड्यात सर्दी झाली तर आत्या नेणार नाही, आणि ती आत्तापासून आईस्क्रीम खाताना मला विचारून खातेय.